चारशे बारा किलो

२०२५ च्या श्रावणातल्या पहिल्या सोमवारी सकाळी सव्वासात वाजता मी महापे औद्योगिक वसाहतीतल्या आमच्या युनिटचे शटर वर केले आणि आत पाऊल टाकताच काहीतरी बिघडल्याचे लक्षात आले, कारण मागच्या भिंतीवरच्या कॉम्प्रेसरची रोजची घरघर थांबलेली होती. दिवे मात्र लागत होते. कोल्ड रूमच्या दारावरचा आकडा उणे १८ च्या जागी अधिक ९ दाखवत होता.

माझा थोरला भाऊ आणि मी गेली अकरा वर्षे कोंबडीचे आणि बोकडाचे मांस साफ करून, कापून, गोठवून, पाऊचमध्ये भरून ऐरोलीपासून वाशीपर्यंतच्या आणि ठाण्यातल्या काही केटररना पुरवतो. गटारीच्या आठवड्यात मागणी एकदम चढते, म्हणून तेव्हा माल जास्त भरून ठेवलेला असतो, आणि श्रावण लागला की तीच मागणी तितक्याच वेगाने बसते. रविवारी युनिट बंद होते. शनिवारी रात्री तीन फेजपैकी एक फेज गेला, मोटर जळू नये म्हणून बसवलेल्या प्रिव्हेंटरने कॉम्प्रेसर बंद केला, आणि तो प्रिव्हेंटर हाताने पुन्हा चालू करावा लागतो. आमच्या जनरेटरचे पॅनेल ज्या फेजवर नजर ठेवून असते तो फेज चालू राहिल्यामुळे जनरेटरही सुरू झाला नाही. त्यातच दाराचे रबर खालच्या कोपऱ्यात सुटलेले होते. ते बदलायचे काम मी जूनपासून पुढे ढकलत आले होते आणि ती चूक सर्वस्वी माझी आहे.

तापमानाची नोंद ठेवणाऱ्या यंत्रात रेष शनिवारी रात्री पावणेबारापासून चढत गेलेली दिसली. रविवारी दुपारी खोलीतली हवा शून्याच्या वर गेली होती आणि रात्री दहाच्या सुमारास पाच अंशांच्याही वर. पाच ते साठ अंश हा पट्टा जिवाणूंच्या वाढीचा असतो आणि कच्च्या मांसाइतके चांगले खाद्य त्यांना क्वचितच मिळते. माल तेव्हा ४१२ किलो होता: एक किलोचे २९४ पाऊच आणि अर्ध्या किलोचे २३६. कोंबडीच्या तंगड्या, बोनलेस, बोकडाचे तुकडे, खिमा आणि थोडी कलेजी.

मी दाराला कुलूप लावले, किल्ली स्वतःजवळ ठेवली आणि त्या दिवशीच्या तीन केटररना फोन करून माल जाणार नाही असे सांगितले. दादा साडेआठला आला. त्याने हातमोजे घालून मधल्या क्रेटमधला एक पाऊच दाबून पाहिला आणि म्हणाला, "आतला माल अजून कडक आहे. तो वेगळा काढू आणि लगेच गोठवू. बाहेरचा गेला तर गेला." त्याचे म्हणणे हावरटपणाचे नव्हते. आमच्या महिन्याभराच्या नफ्याएवढा माल त्या खोलीत होता, आणि मधल्या क्रेटांतला जवळजवळ शंभर किलो माल दिसायला खरोखरच ठीक होता. मलाही क्षणभर ते पटले, पण हा निर्णय आम्ही दोघांनी घेण्याचा नाही एवढे मला कळत होते, म्हणून आमच्या मालाची नियमित तपासणी करणाऱ्या पशुवैद्यक मॅडमना मी बोलावून घेतले.

डॉक्टर अकराला आल्या. त्यांनी टोकदार थर्मामीटर प्रत्येक क्रेटमधल्या निदान दोन पाऊचमध्ये मांसाच्या मध्यापर्यंत खुपसला आणि आकडे मला लिहून घ्यायला लावले. बाहेरच्या क्रेटांत ते साडेआठ ते दहा होते, खिम्यात अकराला टेकले होते आणि अगदी मधल्या क्रेटांत उणे एक. उणे एकला मांस हाताला घट्ट लागते, पण मांसातले पाणी गोठू लागते तेच त्याहून थोडे खाली गेल्यावर, त्यामुळे ज्याला दादा कडक म्हणत होता ते खरे तर वितळत आलेले मांस होते. गोठवल्याने जिवाणू मरत नाहीत, त्यांची वाढ फक्त थांबते, हे डॉक्टरांनी त्याला समजावून सांगितले. मग त्याने जो प्रश्न विचारला तो माझ्याही मनात होता. "नीट शिजवले तरी नाही चालणार, मॅडम?" त्यावर त्या म्हणाल्या की शिजवल्याने जिवाणू मरतील, पण काही जिवाणू वाढताना जे विष सोडतात ते उकळूनही जात नाही, आणि ते किती सुटले आहे हे पाऊचकडे बघून मला सांगता येणार नाही, तुम्हालाही नाही. पुढे त्यांनी पाऊच उलटा करून त्यावरच्या छापील ओळीवर बोट ठेवले. "यावर उणे १८ अंशांखाली साठवलेले असे लिहिले आहे. ते आता खरे राहिलेले नाही." दादाने मान हलवली आणि त्या विषयावर तो पुन्हा बोलला नाही.

संपूर्ण साठा मानवी सेवनास अयोग्य, असा शेरा त्यांनी आकड्यांसह लिहून दिला. कत्तलखान्यांसाठीच्या नियमांत अयोग्य ठरलेल्या मांसावर तसे ठळक लिहावे, ते पशुवैद्यकाच्या ताब्यात राहावे आणि त्याच दिवसाअखेर त्याची विल्हेवाट लागावी, असे सांगितले आहे. आमचे युनिट कत्तलखाना नाही, पण डॉक्टरांनी आम्हाला तोच शिरस्ता पाळायला लावला. प्रत्येक क्रेटवर लाल खडूने 'अयोग्य' लिहिले गेले.

आता ते मांस जायचे कुठे, या प्रश्नात आमची दुपार गेली.

अन्न व औषध प्रशासनाच्या ज्या अधिकाऱ्यांशी फोनवर बोलणे झाले त्यांनी शांतपणे समजावून दिले. आम्हीच माल बाजूला काढलेला असल्यामुळे जप्तीचा प्रश्न नव्हता. त्यांनी जप्त केलेला नाशवंत माल बिघडलेला आढळला, तर २००६ च्या अन्न सुरक्षा व मानके कायद्याच्या कलम ३८ प्रमाणे व्यावसायिकाला लेखी नोटीस देऊन तो नष्ट करण्याचा अधिकार त्यांना आहे. आमच्या बाबतीत नष्ट करण्याची जबाबदारी आमची, आणि ते कसे केले याची नोंद, छायाचित्रे आणि वजने तपासणीच्या वेळी दाखवता आली पाहिजेत. त्यांनी पुन्हा पुन्हा सांगितलेली गोष्ट एकच होती: माल युनिटबाहेर पडेल तो कोणीही परत विकू शकणार नाही अशा अवस्थेतच पडला पाहिजे.

दुसऱ्या एका कार्यालयात मात्र ओला कचरा म्हणून गाडीत टाकून द्या असा सल्ला मिळाला, आणि मी वजन सांगितल्यावर एवढे आम्ही घेत नाही असेही उत्तर मिळाले. तेव्हा लागू असलेल्या २०१६ च्या घनकचरा नियमांत दिवसाला सरासरी १०० किलोंहून अधिक कचरा करणाऱ्यांना मोठे कचरा उत्पादक मानून आपली व्यवस्था आपण करायला सांगितले होते. आमचा रोजचा कचरा त्याच्या खूप खाली असतो, पण एका दिवसात ४१२ किलो बिघडलेले मांस हे कोणत्याच रकान्यात बसत नव्हते. मला वाटते, लहान व्यावसायिक इथेच अडतो आणि चुकतो. नियम आहेत आणि ते योग्यही आहेत, पण आमच्यासारख्याने कोणते दार ठोठवायचे हे एका जागी लिहिलेले सापडत नाही, आणि त्या दोन-तीन तासांच्या गोंधळात सोपे दार आपणहून उघडते.

आमच्या बाबतीत ते दुपारी दोनला उघडले. बातमी कोणाकडून गेली हे आजवर कळलेले नाही, पण एका टेम्पोवाल्याचा फोन आला. तो जागेवर येऊन, पाऊचसकट, किलोला पस्तीस रुपये देऊन सगळा माल उचलणार होता. "माशांना घालतो, ताई. माणसांच्या खाण्यात जात नाही." कोणते मासे, असे मी विचारले तेव्हा त्याने शहापूरच्या बाजूला तळी आहेत एवढेच सांगितले. आफ्रिकेतून आलेल्या मांगूर माशाच्या पालनावर आपल्याकडे बंदी आहे, कारण तो स्थानिक मासे खाऊन टाकतो आणि त्याला सडके मांस घालून वाढवतात. ठाणे जिल्ह्यात मत्स्यव्यवसाय विभागाने अशी चोरटी तळी अनेकदा नष्ट केलेली आहेत. म्हणजे ते मांस माशाच्या वाटेने पुन्हा ताटातच येणार होते. आणि तो खरेच माशांना घालणार होता याची तरी खात्री काय? आमचे नाव छापलेले, न फोडलेले पाऊच त्याला हवे होते. माशांना पाऊच लागत नाहीत. मी नाही म्हटल्यावर त्याने भाव पंचेचाळीसवर नेला, आणि त्या वाढीव दहा रुपयांनी माझी शंका पक्की केली.

चारच्या सुमारास विम्याचे सर्व्हेअर आले. त्यांनी यंत्रातली नोंद उतरवून घेतली आणि रीतीप्रमाणे विचारले की या मालाची काही उरलेली किंमत येते का. प्रश्न नियमातला आहे. बिघडलेला माल विकून काही मिळत असेल तर तेवढी भरपाई कमी होते. पण मांसाच्या बाबतीत हा प्रश्न माणसाला चुकीच्या दिशेने थोडा ढकलतो, हे मला त्या दिवशी जाणवले. डॉक्टरांचा शेरा समोर ठेवल्यावर त्यांनी उरलेली किंमत शून्य लिहिली. पुढे रबराच्या कारणावरून भरपाईत कपात झाली आणि ती मी मान्य केली.

आमचा चालक उलव्याचा आहे. त्याने गावाकडच्या मोकळ्या जागेत खड्डा करून पुरण्याचे सुचवले. मनापासून सुचवले, कारण त्याला आमची दमछाक बघवत नव्हती. पण पावसाळ्यात त्या भरावाच्या जमिनीत कमरेएवढे खणले की पाणी लागते, चुना घातला तरी ते पाणी खाडीकडे जाणार, आणि कुत्री व कांदळवनातले कोल्हे रात्रीत उकरून काढणार. शिवाय विमानतळ तेव्हा सुरू होण्याच्या बेतात होता. १९३७ च्या विमान नियमांतल्या नियम ९१ प्रमाणे विमानतळाच्या संदर्भबिंदूपासून दहा किलोमीटरच्या आत पक्ष्यांना ओढून आणील असा कचरा टाकायला मनाई आहे आणि त्यात मांसाच्या व मासळीच्या दुकानांचा उल्लेख स्पष्ट शब्दांत आहे. हे मी त्याला सांगितले तेव्हा तो घारींचे म्हणाला: "खरंय ताई, एक तुकडा दिसला की पन्नास येतात."

उरले दोन मार्ग. एक रेंडरिंगचा, म्हणजे मांस मोठ्या बंद पात्रात शिजवून त्यातली चरबी आणि भुकटी वेगळी काढण्याचा. दुसरा भट्टीत जाळण्याचा. या दोहोंतला निर्णय आधी घ्यावा लागतो, कारण मांस परत वापरता येऊ नये म्हणून त्यावर फिनाईल ओतले की रेंडरिंगवाले ते घेत नाहीत, आणि फिनाईल न ओतता पाठवले तर वाटेत ते कोणाच्या हाती लागेल याची धास्ती राहते. रेंडरिंगमधून निघालेली भुकटी प्राण्यांच्या खाद्यात जाते, माल वाया जात नाही, आणि ताज्या हाडा-आतड्यांसाठी तो मार्ग मला अधिक चांगला वाटतो. पण आमचा माल किती बिघडला आहे हे डॉक्टरही सांगू शकत नव्हत्या, म्हणून आम्ही तळोज्याकडच्या एका परवानाधारक भट्टीशी बोलणे केले. दुसऱ्या दिवशी सकाळी दहाची वेळ मिळाली. त्याच दिवसाअखेरचा शिरस्ता त्यामुळे पुरता पाळता आला नाही. डॉक्टरांनी तेवढी सूट दिली ती रात्रीच माल निकामी करण्याच्या अटीवर.

त्या रात्री आम्ही पाच जण होतो: दादा, मी, चालक, आणि पहिल्या दिवसापासून आमच्याकडे कापणीचे काम करणाऱ्या दोन मावशी. डॉक्टर खुर्ची टाकून समोर बसल्या. पाऊच न फोडता क्रेटवर वरून फिनाईल ओतले तर तो नुसता देखावा होतो, आतले मांस तसेच राहते. म्हणून ५३० च्या ५३० पाऊच सुरीने उघडायचे, मांस स्टीलच्या टेबलावर घ्यायचे, त्यावर खोल चिरा द्यायच्या, आणि मग काळे फिनाईल ओतून हाताने खालीवर करायचे. चिरांचे महत्त्व मला पहिल्याच तंगडीत कळले. अख्ख्या तंगडीवर ओतलेले फिनाईल कातडीवरून घरंगळून गेले. हाडापर्यंत तीन चिरा दिल्यावर ते आत शिरले, गुलाबी मांस कडेने राखाडी होत गेले आणि त्याला असा वास आला की कोणताही मसाला तो झाकू शकला नसता. मावशींपैकी एकीने आयुष्यभर एकसारखे तुकडे करण्यात हात तयार केलेला. तिने पहिला पाऊच रिकामा केला, सुरी उचलली आणि सवयीने तुकडे नीट, सारखे पाडू लागली. मग थांबली. "हात ऐकत नाही, ताई," एवढेच म्हणाली, आणि त्यानंतर मांसाकडे न बघता चिरा देत राहिली. खिम्याला वास धरलेला होता. खिमा करताना पृष्ठभागावरचे सगळे आत मिसळते, म्हणून तो सर्वांत आधी बिघडतो, हे वर्षानुवर्षे शिकवणारी मी त्या रात्री प्रथमच ते नाकाने शिकले.

रिकामे पाऊच नुसते टाकायचे नव्हते. नाव आणि परवाना क्रमांक असलेला भाग प्रत्येकाचा आडवा कापायचा होता. मांसातून सुटलेले लालसर पाणी जमिनीवरच्या जाळीतून जाऊ न देता डब्यांत धरायचे होते, कारण आमच्या समोरून जाणारे पावसाळी गटार थेट नाल्याला आणि नाला खाडीला मिळतो.

पहाटे तीनला वजन झाले. फिनाईल ओतण्याआधी प्रत्येक क्रेट काट्यावर ठेवला होता आणि त्या सगळ्यांची बेरीज ३९१.५ किलो आली. ४१२ मधून वीस किलोंहून जास्त मांस कमी भरत होते. दादा म्हणाला की वितळल्यावर पाणी सुटतेच. डॉक्टरांनी ते मान्य केले आणि मग डबे काट्यावर ठेवायला सांगितले. पाणी १८ किलो भरले. अजून अडीच किलोंचा मेळ नव्हता. आम्ही सगळे थकलेलो होतो, आणि इतक्या मालात अडीच किलोंची काय मोजदाद, असे मी बोलूनही गेले. डॉक्टर म्हणाल्या, "अडीच किलोंत पंधरा माणसांचे जेवण होते." मग आम्ही कोल्ड रूमचे चारही कोपरे पाहिले, टेबलाखाली पाहिले, चालकाने आपणहून टेम्पोचा मागचा भाग उघडून दाखवला. शेवटी धाकट्या मावशींना सुचले की कापलेले पाऊच वजन करून पाहू. ५३० कोरे पाऊच किती भरतात हे नव्या गठ्ठ्यावरून काढले, आणि ओल्या पाऊचचा ढीग त्याहून बरोबर अडीच किलो जास्त भरला. ते वजन आत चिकटलेल्या पाण्याचे आणि कणांचे होते. डॉक्टरांनी तिन्ही आकडे एकाखाली एक लिहून सही केली.

डब्यांतल्या पाण्यात ब्लीच नेहमीपेक्षा बरेच जास्त घालावे लागले, कारण रक्त आणि प्रथिनेच ब्लीच खाऊन टाकतात. ते तासभर तसेच ठेवून मग सांडपाण्याच्या टाकीत सोडले, जी सामाईक प्रक्रिया केंद्राला जोडलेली आहे. जमीन, टेबले, सुऱ्या आणि क्रेट आधी गरम पाण्याने आणि साबणाने, नंतर ब्लीचने धुतले.

मंगळवारी नागपंचमी होती. झाकणाच्या बंद पिंपांत भरलेला माल घेऊन टेम्पो साडेआठला निघाला आणि मी त्याच्या मागे गाडीने गेले, कारण वाटेत पिंप बदलले जाऊ नयेत ही काळजीही माझीच होती. भट्टीवर पिंपांची मोहोर तपासली गेली, पुन्हा वजन झाले, आणि माल एकदम न टाकता थोडा थोडा आत सोडला गेला. मांसात तीन चतुर्थांशाच्या आसपास पाणीच असते, त्यामुळे ते पेटत नाही, आधी सुकते. एकदम घातले तर भट्टीचे तापमान पडते आणि अर्धवट जळालेला धूर बाहेर जातो. तिथल्या तंत्रज्ञांनी मला काचेतून आकडे दाखवले: पहिल्या कक्षात ८०० अंशांच्या वर, धूर पुन्हा जाळणाऱ्या दुसऱ्या कक्षात १०५० च्या जवळ. शेवटचे पिंप आत जायला दुपारचे तीन वाजले. वाहतुकीसह सगळा खर्च बावीस हजारांच्या घरात गेला. टेम्पोवाल्याकडून येऊ शकले असते ते आणि हे मिळून चाळीस हजार, असा हिशेब दादाने परतताना एकदा केला, आणि तो केल्यावर लगेच म्हणाला, "बरं झालं ते पाऊच फोडले."

डिसेंबर २०२४ च्या आदेशानुसार उत्पादक आणि पुनर्वेष्टन करणाऱ्यांना मुदत संपलेल्या व नाकारलेल्या मालाची माहिती दर तिमाहीला केंद्रीय अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या प्रणालीवर द्यावी लागते: किती माल, त्याचे काय केले, विकला असेल तर कोणाला. पूर्वी मला हा आणखी एक कागद वाटला असता. ऑक्टोबरमध्ये ती माहिती भरताना मी नोंदवहीतले पहाटे तीनचे पान समोर ठेवले होते. दादाने दाराचे नवे रबर आणि फेज गेला की दोघांच्याही मोबाइलवर वाजणारा अलार्म यांची बिले त्याच पानाला टाचून ठेवली होती. प्रमाण ४१२ किलो, पद्धत भट्टीत ज्वलन. विक्रीच्या तपशिलात मी 'नाही' लिहिले.